पाडव्याची ड्यूटी

इंदूरला माझ्या घरी ओवाळणीचं ताट
तसंच झाकून ठेवलंय,
आणि मी गौतमपुऱ्याच्या मैदानाकडेला
अँब्युलन्सच्या मागच्या फळीवर
मलम, कात्री, गॉझचे गठ्ठे मांडतेय.
अकरावं वर्ष. डॉक्टर बदलतात, मी नाही.

देवनारायणाला धोक देऊन दोन्ही दळं उतरलीत.
अलीकडे तुर्रा, म्हणजे गौतमपुरा.
पलीकडे कलगी, म्हणजे रुणजी.
खांद्याला झोळी, झोळीत हिंगोट:
हिंगणबेटाचं फळ, आतून कोरलेलं, वाळवलेलं,
दारू ठासून तोंडाला पिवळी माती.

माझ्या माहेरी कलगी-तुरा म्हणजे गाणं.
आजोबा तुऱ्याचे. सांगायचे,
मुळात एक गोसावी होता, एक फकीर,
रात्र रात्र एकमेकांना सवाल घालायचे.
जवाब सुचला नाही की डफ उतरवून द्यायचा.
इथेही तेच दोन शब्द. फक्त सवाल
सुसाटत येतो आणि सदरा पेटवतो.

भोंग्यावर गोष्ट चालू आहे.
मोगलांचे घोडेस्वार, आपले पूर्वज, फळात भरलेली आग.
खरी असेल, नसेल.
मुनीर शोरगर माझ्याच फळीवर बसलेत,
रुईचा कोळसा कुटून काळी पडलेली बोटं
गुडघ्यांवर पसरून.
निम्म्या गावाला दारूचं माप त्यांनी शिकवलं.
“ताई,” म्हणाले, “गेल्या साली घोडे पाचशे होते.
यंदा हजार झाले.
एवढा चारा कुठून आणत असतील?”

एक पाहुणा आलाय, स्पेनचा. विसेंत.
गावी औषधांचं दुकान.
फोनवर दाखवतो: चौकात लाकडी किल्ला,
रेशमी पगड्या, तोंडाला काजळी, बंदुकांचा धूर.
एक दळ ख्रिस्ती, एक मूर.
बाप मूर, आजा मूर, हा स्वतः मूर,
दर रविवारी चर्चला जाणारा.
“सकाळी आम्ही किल्ला घेतो,
संध्याकाळी घालवतो. दरवर्षी.”
दुभाष्या पोरगा हसला.
मुनीरचाचांनी विचारलं,
“आणि खरे मूर? ते येतात का बघायला?”
विसेंत जरा थांबला.
मोरोक्कोचं एक घर आहे म्हणाला, संत्र्यांच्या बागेत कामाला.
त्यांचा मुलगा बँडमध्ये ढोल वाजवतो.
कुठल्या दळाचा, ते त्याने सांगितलं नाही.

तेवढ्यात पहिला सुटला.
मग काही मोजता येत नाही.
सरळ निघालेला मधेच वळतो, जमिनीवर सरपटतो,
ढालीवर आपटून आपल्याच माणसाकडे फिरतो.
धुरात भोंगा बोलतोच आहे, कुणी ऐकत नाही.

रुणजीचा भेरूलाल आला, कान भाजलेला.
मागून त्याची बहीण रामकन्या, इकडे दिलेली.
“ह्यांनीच मारला असणार,” नवऱ्याला शिव्या घालत
तिनेच त्याचं डोकं धरून ठेवलं.
“उद्या भाऊबीज. ओवाळताना
चांगला कान माझ्याकडे कर.”

मग साजिद, मुनीरचाचांचा नातू, तुर्ऱ्याचा.
तळहात सोललेला.
चाचांनी हात धरला, फुंकर घातली,
मग वास घेतला. रागावले.
“माती ओली होती. तरी सांगत होतो,
चार दिवस उन्हात ठेव.”
एवढंच. पण हात सोडला नाही
मी पट्टी बांधून संपवली तरी.

तासाभरात सगळं थंड.
दोन्ही दळं मैदानात मिसळली,
विडी मागत, एकमेकांची भोकं पडलेली धोतरं बघत.
विसेंतने विचारलं, “कोण जिंकलं?”
“इथं कोणी जिंकत नाही.”
“मग थांबायचं कधी, कळतं कसं?”
“हिंगोट संपले की.”

हे त्याला फारच आवडलं असावं,
कारण तो अंगठा पुढे करायला विसरला होता.
बरा भाजला होता. कुठून तरी ठिणगी.
मी रजिस्टर ओढलं. नाव. गाव
(ते त्यालाच लिहायला दिलं).
पुढच्या रकान्याशी सवयीने विचारलं,
दळ कोणतं? तुर्रा की कलगी?
पोराने सांगितलं त्याला.
तो म्हणाला, “मूर.”

लिहिलं.
मुनीरचाचा वाकून बघत होते.
म्हणाले, “ताई, ऱ्हस्व की दीर्घ?”